रिकामी पिकअप मागून उडते: पाटे मऊ करायच्या कामाचं पूर्ण प्रकरण

गाडी वीस वर्षांच्या वरची, सिंगल केबिन पिकअप, मागं नेहमीसारखे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. माझ्याकडं येण्याआधी तिनं जन्मभर मालच वाहिलाय, आणि तोही झेपेल त्यापेक्षा जास्तच असणार हे हौद्याच्या तळाला पडलेल्या पोचांवरनंच कळत होतं. मला तिच्यात घालायचं होतं वेल्डिंग मशीन, दोन टूलबॉक्स, थोडे पाइप-अँगल, म्हणजे सगळं धरून दीडशे-दोनशे किलो, आणि निम्म्या वेळा तर गाडी रिकामीच फिरणार. तक्रार एकच, रिकामी असली की मागनं उडते. गतिरोधकावर पुढची चाकं ठीक जायची आणि मागची चढली की धाडकन हौदा वर, टूलबॉक्स एकदा खरोखर फाळक्यावरनं बाहेर पडता पडता राहिला, आणि तासभर चालवली की कंबर वेगळी आणि आपण वेगळे.

एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती पण तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. मोठ्या खड्ड्यात गाडी आपटायची खरी पण ते समजण्यासारखं होतं, खरा त्रास व्हायचा तो बारीक रस्त्यावर, म्हणजे पुलाचे जॉइंट, ठिगळं, खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता, तिथं गाडी सतत थरथरायची जणू मागं सस्पेन्शनच नाही. नुसते कडक पाटे असते तर लहान धक्का लहान आणि मोठा धक्का मोठा लागला असता. इथं लहान धक्केच जास्त बोचत होते. हे लक्षात ठेवा, पुढं यावरच सगळं फिरतं.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "खालचा जाड पाटा काढून टाक, लगेच मऊ होईल." मीपण तेच करणार होतो, पाने काढून गाडीखाली शिरलोसुद्धा. तिथं पडल्या पडल्या बघितलं तर जाड पाट्याचं टोक आणि त्याच्या वरच्या पाट्याच्या मधे माझी दोन बोटं आडवी जाऊन वर जागा उरत होती, चांगली ३० मिमी फट. म्हणजे गाडी रिकामी असताना हा जाड हेल्पर पाटा कशाला टेकतच नव्हता, तो कामाला लागतो ते वजन पडून वरचे पाटे खाली दबल्यावर. जो पाटा रिकाम्या गाडीत काम करत नाही तो काढून रिकामी गाडी मऊ कशी होईल? आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. वर भरल्या गाडीला तोच आधार असतो, तो काढला की एखाद दिवशी पाच-सहा गोण्या जास्त टाकल्या की गाडी थेट स्टॉपर रबरावर, म्हणजे चॅसी एक्सलवर आपटू नये म्हणून असलेल्या रबरावर, बसणार. तर बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणलं आधी मोजू.

मोजायची पद्धत अगदी साधी. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची, दोन्ही बाजूंनी. चाकाच्या मध्यापासून धरलं की टायर किती दबला याचा हिशेबात गोंधळ होत नाही, फक्त पाटा किती हलला तेवढंच कळतं. मग हौद्यात बरोबर एक्सलच्या वर २० किलोच्या ५ वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि परत मोजलं. १०० किलोला गाडी किती बसावी? ५ मिमी. फक्त ५. आणि खरी गंमत पुढं, पिशव्या काढल्या तर गाडी पूर्ण वर आलीच नाही, ३ मिमी खालीच राहिली. मग मी बंपरवर उभं राहून दोन उड्या मारल्या, आतनं कर्रर्र असा आवाज आला आणि मग ती आपल्या जागेवर गेली. स्प्रिंग असं करत नाही. वजन काढल्यावर जे परत येत नाही ते कुठंतरी अडकलेलं असतं.

तरी सुरुवात टायरपासून केली कारण त्याला काहीच लागत नाही. मागच्या टायरमध्ये ६० पीएसआय हवा, आधीच्या मालकाची सवय. दाराच्या चौकटीवर स्टिकर होता, मागच्या चाकांना रिकाम्या गाडीसाठी ३५ आणि पूर्ण भरल्यावर ५५. ३५ वर आणली, धार थोडी बोथट झाली. स्टिकरच्या खाली मात्र जायचं नाही, कमी हवेत टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि फुटते, आणि जड माल भरला की हवा परत चढवायची हे विसरायचं नाही. मी व्हॉल्व्हच्या टोपीजवळ खडूनं ३५ लिहून ठेवतो, हसायचं त्यांनी हसा.

त्यानंतर बुश. पाट्याच्या टोकाला बोल्टासाठी वळवलेलं वेटोळं म्हणजे डोळा, आणि मागचं टोक चॅसीला झुलतं धरणारी पट्टी म्हणजे शॅकल; पुढच्या डोळ्यात एक बुश आणि मागं शॅकलमध्ये दोन, असे एका बाजूला तीन. या गाडीत रबरी बुश आहेत, त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, त्यामुळं पाटा हलतो तेव्हा बोल्टवर काही घासत फिरत नाही, रबरच पीळ खाऊन वळतं. म्हणून ते बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकावर असताना. गाडी जॅकवर, एक्सल लोंबकळतंय आणि त्याच अवस्थेत कुणी बोल्ट कचकचून आवळले तर रबर त्या लोंबत्या जागेला पक्कं होतं, आणि गाडी खाली उतरवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि पाट्याला उलट दिशेनं ढकलत बसतं. इथं कुणीतरी नेमकं तेच केलं होतं. गाडी चाकावर उभी ठेवून पुढच्या डोळ्याचा बोल्ट ढिला केला, एक आटा, दोन आटे, तिसऱ्याला "टण्ण" आणि त्या बाजूची गाडी डोळ्यांदेखत ६ मिमी खाली बसली. एका बोल्टात इतकं.

शॅकलचे बोल्ट मात्र निघेनात. गंजरोधक तेल रात्रभर मारून ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी नट निघाला पण बोल्ट बुशच्या नळीत जाम, शेवटी कापून काढला. इथं गॅस कटर लावायचा मोह होतो, तो आवरायचा, शेजारीच डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात आणि त्याहून मोठं कारण पुढं येईलच. नवे बुश बसवले, बोल्ट नुसते हातानं लावले, गाडी खाली उतरवली, बंपर चार वेळा दाबला आणि मग टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, आवळले. परत १०० किलो टाकले, ७ मिमी. सुधारणा होती, पण तेवढ्यानं कंबर सुटली नसती.

मग आलं खरं काम, पाटे खोलणं.

गाडीखाली काम करणाऱ्याला हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. चॅसीखाली दोन घोड्या (स्टँड), पुढच्या चाकांना सरकू नयेत म्हणून ओट, एक्सलचं वजन वेगळ्या जॅकवर. पाट्यांचा गठ्ठा बाहेर काढल्यावर सेंटर बोल्ट, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट, असाच सोडायचा नाही. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकडा बनवलेला असतो, सगळे एकत्र दाबून मगच बोल्टात बसलेले असतात, बोल्ट सुटला की ते उसळतात आणि समोर बोटं असली तर बोटं जातात. दोन मोठे सी-क्लॅम्प लावायचे, बोल्टाच्या दोन्ही बाजूंना, मग बोल्ट काढायचा आणि क्लॅम्प आळीपाळीनं अर्धा अर्धा फेरा ढिले करत जायचं.

मी तसंच केलं आणि पाटे एकेक करून सुटे झाले, म्हणजे व्हायला पाहिजे होते. झाले नाहीत. क्लॅम्प पूर्ण ढिले, बोल्ट बाहेर, आणि वरचे तीन पाटे तसेच एकमेकांना धरून. लाकडी ठोकळा लावून हातोडी मारली तेव्हा सुटले आणि मधनं गंजाची पापडी पडली, चक्क पापडी, नखाएवढ्या जाडीची, दोन्ही बाजूंना पाट्याचा ठसा उठलेली. टोकांना जे प्लास्टिकचे पॅड असतात, ज्याच्यावर एक पाटा दुसऱ्यावर घसरतो, ते गायब, त्यांच्या जागी खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्याच्या पोटात चर पाडलेला. नख फिरवलं की अडकायचं. आणि पाटे बाजूला सरकू नयेत म्हणून ज्या लोखंडी क्लिपा असतात त्या कुणीतरी हातोडीनं ठोकून पाट्यांवर घट्ट आवळलेल्या, बहुतेक आवाज बंद करायला. म्हणजे गंज, चर आणि क्लिपा, तिन्हीकडून धरलेलं, पाट्यांची स्प्रिंग नाहीच, एक जाड लोखंडी ओंडका.

आता तो बारीक रस्त्याचा त्रास समजला. पाटा वाकतो तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्यावर थोडा घसरतो, त्याशिवाय गठ्ठा वाकूच शकत नाही. घर्षण जास्त असलं की एका ठराविक जोराच्या खाली काही हलतच नाही. मोठ्या खड्ड्याचा दणका त्या जोराच्या वर जातो म्हणून तिथं सस्पेन्शन थोडंफार काम करायचं, लहान धक्के त्याच्या खालीच राहतात, तिथं पाटे बंद आणि गाडी नुसत्या टायरवर उसळते. हिशेब करून बघितला. मोकळे पाटे असतील तर रिकामी पिकअप मागं सेकंदाला पावणेदोनच्या आसपास झोके घेते, आणि पाटे बंद होऊन नुसत्या टायरवर आली की चार-पाच. माणसाच्या शरीराला उभी थरथर सगळ्यात जास्त लागते ती सेकंदाला ४ ते ८ च्या दरम्यान, बरोबर त्याच पट्ट्यात आम्ही बसून फिरत होतो. कमरेला हे कुणी सांगायची गरज नव्हती म्हणा.

खोलल्यावर पाटे मोजले तर एकेका बाजूला सहा. मॅन्युअलमध्ये पाच, चार पातळ ७ मिमीचे आणि खाली एक १२ मिमीचा हेल्पर. इथं पातळ पाच निघाले. चौथा उपरा होता, रुंदी तीच ६० मिमी पण कडा वेगळ्या कापलेल्या, आणि वाक बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त. जास्त माल भरता यावा म्हणून टाकलेला पाटा. त्यानं दोन गोष्टी केल्या होत्या, एक तर गाडी मागं उचलली, आणि दुसरं म्हणजे गठ्ठ्याला जास्त कमान दिली. कमान वाढली की दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होतं, त्यामुळं शॅकल, जी थोडी मागं झुकलेली असायला पाहिजे, ती इथं जवळजवळ सरळ उभी होती, खालचं टोक उलट जरासं पुढंच. पाटा दबताना लांब होतो आणि ती लांबी शॅकल मागं झुकून देते, शॅकल अशी उभी असली की सुरुवातीलाच अडते.

तर दोन संशयित होते, जाम पाटे आणि जास्तीचा पाटा. शहाणा माणूस दोन्ही एकदमच निस्तरेल. पण मला कळायचं होतं की कुणाचा किती वाटा, म्हणून साफ करून सहाच्या सहा परत बसवायचे आणि पुढच्या खेपेला पाटा काढायचा असं ठरवलं. म्हणजे तेच काम दोनदा. घरच्यांनी यावर जे मत दिलं ते इथं लिहीत नाही.

साफसफाईबद्दल एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. पाट्यावर ग्राइंडर चालवू नका. पाटा दबताना त्याची वरची बाजू, म्हणजे खोलगट बाजू, ताणाखाली असते, आणि तिथं आडवा एक ओरखडा पुरेसा आहे, तडा तिथनंच सुरू होतो. मी वायर ब्रश आणि हातानं पॉलिश पेपर, तोही पाट्याच्या लांबीच्या दिशेनंच, एवढ्यावरच भागवलं. तसंच गरम करणं, वेल्डिंग, भोक पाडणं, सगळं बंद. हे स्प्रिंगचं पोलाद आहे, आपल्याकडं बऱ्याचदा एसयूपी ९ किंवा ईएन ४५ म्हणून मिळतं ते, कडक करून मग हिशेबानं उतरवलेलं, त्याला ज्योत लागली की त्या जागेचं पाणीच जातं. मगाशी गॅस कटर नको म्हणलो ते यासाठी. चर पडला होता तो पाट्याच्या पोटाला, तिथं दाब असतो ताण नसतो, आणि खोली अर्ध्या मिमीच्या आत, म्हणून ते पाटे ठेवले. चर पाडणाऱ्या टोकांच्या वरच्या कडा कानशीनं गोल केल्या, नवे प्लास्टिक पॅड लावले, पाट्यांवर कोरडं ग्रॅफाइट मारलं. ग्रीस भरा असं जुने लोक सांगतात, पूर्वी भरायचेही, पण उघड्या पाट्यात ग्रीसला धूळ चिकटते आणि आठ दिवसांत त्याचा पॉलिश पेपर होतो, शिवाय रबरी बुश फुगतात. मला ते पटत नाही. क्लिपा उघडून पाटा जेमतेम सरकेल इतक्या सैल केल्या, पण काढून टाकल्या नाहीत, गाडी उसळून चाक खाली लोंबतं तेव्हा खालच्या पाट्यांना वरच्याबरोबर धरून ठेवायचं काम त्यांचंच.

सहाही पाटे परत आत. १०० किलो टाकले. १३ मिमी! आणि पिशव्या काढल्यावर गाडी जिथं होती तिथं परत, एखादा मिमी इकडं तिकडं. एकही पाटा न काढता ७ चे १३ झाले होते. पहिल्या फेरीत पुलाच्या जॉइंटवरनं गेलो आणि आवाज आला पण धक्का आला नाही, मी मागं वळून बघितलं की चाक आहे ना जागेवर.

हा आनंद पहिल्या वळणापर्यंत टिकला. गाडी आता मागनं झुलायला लागली, बंपर दाबून सोडला तर तीन-चार झोके घेऊन थांबायची, आणि लाटेसारख्या रस्त्यावर मागचा भाग तरंगायचा. कारण सरळ होतं. पाट्यांमधलं घर्षण हेच इतकी वर्षं शॉकअपचं काम करत होतं. खरे शॉकअप केव्हाच मेले होते, एकाचं तेल गळून वाळून गेलेलं, पण जाम पाट्यांमुळं ते मेलेत हे कळायला काही वावच नव्हता. एक दुखणं काढलं की त्याच्या आड लपलेलं दुसरं दिसतं. शॉकअप घेताना जड मालासाठीचे घेतले नाहीत, मूळ गाडीला होते तसेच घेतले, कडक शॉकअप लावले तर मऊ केलेलं सगळं परत कडक. एक झोका आणि शांत.

दोन आठवडे असंच चालवून मग जास्तीचा पाटा काढायला घेतला. यातला हिशेब कुणालाही जमेल असा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो आणि लांबीच्या घनानं कमी होतो, संख्या आणि रुंदी मात्र सरळ प्रमाणात. एकाच जाडीचे पाच पातळ पाटे होते, त्यातला एक गेला की साधारण एक पंचमांश कडकपणा गेला, वीस टक्के. आणि तो हेल्पर बघा, १२ चा घन १७२८, ७ चा घन ३४३, म्हणजे तो एकटा पाच पातळ पाट्यांच्या बरोबरीचा. तो टेकला की कडकपणा एकदम दुप्पट होतो, भरल्या गाडीला हेच पाहिजे असतं, म्हणून त्याला हात लावला नाही. मूळ पाटे काढायचे असतील तर वरचा मेन आणि त्याच्या खालचा दुसरा, हे दोन कधीच नाहीत. मेनच्या डोळ्यांवर अख्खं एक्सल लटकलेलं असतं आणि दुसरा त्याला आधार असतो. माझं नशीब की काढायचा तो उपराच होता, गाडी मूळ हिशेबावर आली, त्यामुळं भार किती झेपेल याचं गणित नव्यानं मांडावं लागलं नाही.

पाटा काढला की गठ्ठा ७ मिमीनं पातळ होतो, म्हणजे गठ्ठा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचा नट तेवढा आणखी वर चढणार. जुन्या यू-बोल्टवर आटे तिथंच संपत होते. नट आट्याच्या शेवटी जाऊन अडतो, पाना म्हणतो झालं घट्ट, आणि आत पाटे ढिले. हे फसवं आहे आणि असं झालं की सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकतं. यू-बोल्ट तसेही एकदा ताणलेले परत वापरू नयेत, नवे मापाचे घेतले, तिरप्या क्रमानं थोडे थोडे करत आवळले आणि ३०० किलोमीटरवर परत टॉर्क तपासला, दोन नट पाव फेरा फिरले. सेंटर बोल्टही मूळ लांबीचा घेतला, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय हे बोटानं चाचपून बघितलं.

आता १०० किलोला १७ मिमी. शॅकल खालून मागं झुकलेली, जशी पाहिजे तशी. गाडी मागनं ३० मिमी खाली आली, थोडी कमी कडकपणामुळं, थोडी कमान उतरल्यामुळं आणि थोडी पाट्याच्या जाडीमुळं. आधी वर उचललेली चेष्टेची गाडी आता सरळ दिसायला लागली आणि मी कामावर खूश होतो.

चौथ्या दिवशी पाऊस. रिकामा रस्ता, वेग चाळीसच्या आसपास, समोर कुत्रं आलं म्हणून ब्रेक मारला, फार जोरात नाही, आणि मागची चाकं लॉक होऊन गाडीची शेपटी डावीकडं निघाली. पाय काढला, सरळ झाली, कुत्रं गेलं, मी बाजूला थांबून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. इतकी वर्षं ओल्या रस्त्यावर चालवतोय, असं कधी झालं नव्हतं.

या वयाच्या बऱ्याच पिकअपना मागं एक्सलच्या वर चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, त्याचा दांडा खाली एक्सलला जोडलेला. गाडीत माल भरला की चॅसी खाली येते, दांडा वळतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरली, मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असली की दाब कमी, म्हणजे हलकी मागची चाकं लॉक होऊ नयेत. त्याला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. मला हे माहीत होतं, आणि मी स्वतःला समजावलं होतं की उपरा पाटा काढून गाडी कंपनीच्या उंचीवर आलीय तर व्हॉल्व्हही आपोआप बरोबर असणार. खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं. दांड्याच्या चेकनटवर कंपनीच्या पिवळ्या रंगाची खूण होती, आणि ती खूण आणि दांड्यावरची खूण जुळत नव्हती, अर्ध्या फेऱ्याचा फरक, आणि आट्यांवर पाच-सहा आटे चकचकीत. पाटा टाकून गाडी उचलली तेव्हा मागचे ब्रेक कमी लागायला लागले असणार, मग कुणीतरी दांडा फिरवून व्हॉल्व्हला पटवलं की गाडी भरलेलीच आहे. तेव्हा ते बरोबरही असेल. मी उंची परत खाली आणली आणि त्या खोट्या हिशेबावर आणखी ३० मिमीची भर घातली, म्हणजे रिकाम्या गाडीला मागच्या ब्रेकला भरल्या गाडीचा दाब.

दांडा मॅन्युअलच्या मापावर आणला, खुणा जुळल्या, पण तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही, ब्रेकचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून पुढच्या-मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून तपासून घेतलं. मागच्या पाट्यांची उंची वर करा नाहीतर खाली, तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल तर त्याच दिवशी बघा, मी चार दिवस तसाच फिरलो ते माझं चुकलंच.

हेडलाइटचं त्यामानानं किरकोळ, मागचा भाग खाली आला की पुढचा उजेड वर जातो, समोरचे लोक डिपर मारायला लागले तेव्हा लक्षात आलं, भिंतीसमोर लावून दोन स्क्रू फिरवले.

नंतर मुद्दाम ४०० किलो भरून बघितलं. हेल्पर पाटा टेकला, स्टॉपर रबर आणि एक्सलमध्ये तरी मोकळी जागा शिल्लक, मागचे शॉकअप दोन्ही टोकांना अडत नाहीत. पोलाद जुनं आहे म्हणून मी प्लेटवरच्या भाराच्या आकड्याच्या बराच आत राहतो. ज्याला रोज टनभर न्यायचंय त्यानं यातली साफसफाई, बुश आणि शॉकअप जरूर करावं पण पाटा काढायच्या भानगडीत पडू नये. काही जण हौद्यात कायमच्या वाळूच्या गोण्या टाकून ठेवतात, गाडी मऊ वाटते हे खरं, पण इंजिन आणि ब्रेक ते वजन रोज ओढतात आणि अपघातात त्या गोण्या केबिनवर येतात. मऊ पाटे ठेवून वर हवेची बलून लावणं हा चांगला उपाय आहे, भरली की हवा चढवा. आणि मागं कॉइल स्प्रिंग लावायची म्हणाल तर, रॅम १५०० सारख्या पिकअपनी २००९ च्या मॉडेलपासून ते केलंय, पण कॉइल फक्त वजन झेलते, एक्सलला पुढं-मागं आणि आजूबाजूला धरून ठेवायला वेगळे दांडे लागतात, पाटा हे सगळं एकटाच करतो. जुन्या चॅसीवर ते दांडे वेल्ड करून बसवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

आज या कामाला सहा महिने झाले. परवाच परत मोजलं, १०० किलोला १६ मिमी, म्हणजे कुठंतरी थोडी धूळ शिरलीय. डाव्या बाजूनं सकाळी पहिल्या गतिरोधकावर एक बारीक कुरकुर येते, एकदाच, नंतर दिवसभर नाही. बहुतेक तिसऱ्या पाट्याचा पॅड सरकलाय. काढलेले दोन्ही उपरे पाटे भिंतीला टेकवून ठेवलेत, आणि आल्या-गेल्याला वाटतं मी ते परत टाकणार आहे.